एडक्याचं वकीलपत्र

हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, मधी हसलात तर मी सांगायचा थांबतो. माझ्या वकिलीची अब्रू कशी गेली हे निम्म्या बेळगावाला ठाऊक आहे, पण लोकांनी त्यात पदरचं लई घातलंय. म्हणून खरं काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका. खरं त्याहून वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गोऱ्याचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी नुकताच वकील झालतो. खडेबाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर खोली घेतली, दाराला पाटी लावली, आणि पुढं वर्षभर त्या पाटीवरची धूळ पुसली. पक्षकार म्हणून कोण फिरकलं न्हाय. एकदा एक म्हातारा धापा टाकत जिना चढून आला. मी पगडी सावरली, घसा साफ केला. म्हातारा म्हणाला, "धोतरजोडी खाली मिळती का वर?"

शेवटी आमच्या आप्पांनी, म्हणजे वडलांनी, मला समोर बसवलं. आप्पा शाळामास्तर. घरी थोडंच बोलायचे, पण बोलले की ते छडीसारखं लागायचं.

"एक खटला जिंकून दाखव," ते म्हणाले. "शहापूरचे मुलीवाले तेवढंच मागतायत. जिंकलास तर लगेच लग्नाच्या याद्या करू. हरलास तर तो काळा कोट उतरव आणि निपाणीला मामाच्या वखारीत जाऊन बस."

मामाची वखार तंबाखूची. तुम्ही कधी तंबाखूच्या वखारीत बसलाय? मी लहानपणी एका सुट्टीत गेलतो, आणि सगळी सुट्टी शिंकण्यात गेली. बरं, शहापूरची मुलगी मी बघितली होती, आणि मला बघून तिनं नाक मुरडलं नव्हतं. माझ्या बाबतीत हे कमी न्हाय. तर एका बाजूला ती मुलगी आणि दुसऱ्या बाजूला तंबाखू, अशी माझी गत.

आणि अशात एक दिवस सिद्धाप्पा धनगर जिना चढून आला. धोतरजोडी न मागता खाली बसला, तेव्हाच मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

भानगड अशी होती. सिद्धाप्पानं वडगावच्या पलीकडल्या एका गावच्या पाटलांना पैदाशीचा एडका, म्हणजे नर मेंढा, विकला. चांगला दांडगा, वळलेल्या शिंगांचा. पाटलांनी तो कळपात सोडला, आणि थोड्याच दिवसांत दावा ठोकला. म्हणणं काय, तर हा एडका मेंढ्यांकडं ढुंकून बघत न्हाय, दिवसभर दुसऱ्या एडक्यांच्या मागं लागतो. परत घ्या.

"वकीलसाहेब," सिद्धाप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, "मी म्हणतो तडजोडच करूया. मी एडका परत घेतो. तुमी फकस्त पाटलांशी जरा गोडीत बोला."

तडजोड? तडजोड केली तर मी जिंकणार कधी आणि याद्या होणार कधी?

"अरे सिद्धाप्पा, तुझी बाजू भक्कम आहे. घाबरतोस कशाला?"

"भ्या न्हाय ओ. पर त्या एडक्याचं म्हंजे असं हाय बगा..."

"एडक्याचं मला काय सांगू नको. मी कायदा शिकलोय."

आता तुम्हीच सांगा, माणसानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणजे आणखी काय करायचं?

रात्रंदिवस मी मुद्दा घोटला. मुद्दा असा, की पुरुषानं पुरुषाच्या मागं लागणं हे कायद्याच्या पुस्तकात निसर्गाविरुद्ध म्हणून लिहिलंय. जनावर तर स्वतःच निसर्ग. मग ते निसर्गाविरुद्ध वागेल कसं? म्हणजे पाटलांचा दावा मुळातच खोटा. आरशासमोर मी हे इतक्यांदा बोलून बघितलं, की आईनं ताप बघायला कपाळाला हात लावला.

कोर्टात त्या दिवशी बसायला जागा नव्हती. एडक्याचा खटला म्हटल्यावर बाजारातले भाजीवाले पाट्या झाकून आलते. पाटलांचे वकील म्हणजे सगळे ज्यांना काका वकील म्हणायचे ते. जुने, मुरलेले, गालात कायम पान. जज्जसाहेब धारवाडकडचे, शांत माणूस.

मी उभा राहिलो आणि सुटलो. "साहेब, असले चाळे माणसाचे. माणूस शहरात राहतो, नाटकं बघतो, रिकामा बसतो, म्हणून बिघडतो. जनावर बिचारं गवत खातं आणि निसर्गाच्या वाटेनं जातं. माणसानं त्याच्याकडून शिकावं. पाटलांनी एका मुक्या, सज्जन जिवाची बदनामी केली आहे."

बोलता बोलता माझेच डोळे भरून आले. मागं एक भाजीवाली पण डोळ्याला पदर लावत होती. त्यामुळं मला आणखी चेव आला.

"साहेब, परीक्षाच घ्या. कोर्टाच्या आवारात मेंढ्या आणा, त्यांच्यात हा एडका सोडा. आणि कुणाला शंका नको, म्हणून पाटलांचा टकरीत नावाजलेला दुसरा एडका आहे, कळपापासून वेगळा बांधलेला, तो पण शेजारी उभा करा. काय ते सगळ्यांदेखत होऊ दे."

मागून कोणीतरी माझा कोट ओढला. सिद्धाप्पा. "नगं ओ वकीलसाहेब, पाया पडतो." मी त्याचा हात झटकला.

काका वकील अर्धवट उठले, "आमची काही हरकत न्हाय," म्हणाले आणि परत बसले. समोरचा वकील इतक्या खुशीनं कबूल होतो तेव्हा काहीतरी चुकलंय, एवढी अक्कल मला तेव्हा असायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी आवारातल्या चिंचेखाली जज्जसाहेबांची खुर्ची ठेवली. पाटलांच्या मेंढ्या आल्या, माजावर आलेल्या. त्यांचा नावाजलेला एडका आला. आणि सिद्धाप्पा आमच्या अशिलाला, म्हणजे एडक्याला, पाटलांच्या कळपातनं घेऊन आला. दावं सोडलं.

आमचा एडका मेंढ्यांच्या मधून असा गेला, जसा आपण बाजारात नको त्या दुकानावरून जातो. एक मेंढी आपण होऊन जवळ आली, तर तिला वळसा घातला. सरळ त्या दुसऱ्या एडक्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याची मान हुंगली. खांद्याला खांदा घासला. गळ्यातल्या गळ्यात गुरगुरला. तो दुसरा नावाजलेला गडीसुद्धा जागचा हलला न्हाय. उलट डोळे मिटून घेतले.

"साहेब, ही टकरीची तयारी," मी घाईनं म्हणालो. "एडके टक्कर देतातच."

तेवढ्यात आमचा एडका मागं गेला आणि पुढचे दोन पाय उचलून त्याच्या पाठीवर चढला.

जज्जसाहेबांनी चष्मा पुसला, परत लावला. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "टक्कर समोरून देतात ना?"

मग जो हशा झाला, तो म्हणे खडेबाजारात ऐकू गेला. माझ्या डोळ्यांपुढं वखार आली, पोत्यांसकट. बुडता माणूस काय करतो? मी बाजू फिरवली.

"साहेब, मग हाच निसर्ग! ह्याला कुणी शिकवलं? हा कुठल्या नाटकाला गेलता? जनावर करतंय म्हणजे ते नैसर्गिकच. मग ह्यात खोट कुठली?"

"काल तुम्ही म्हणालात, हे फक्त माणूस करतो, म्हणून ते निसर्गाविरुद्ध," जज्जसाहेब सावकाश म्हणाले. "आज एडका करतो, म्हणून हाच निसर्ग. मग माणसानं केलं तर ते आता काय धरायचं?"

मी कायद्याचं पुस्तक उघडून पानं चाळायला लागलो.

"सांगा की," काका वकील पान चघळत म्हणाले. "पुस्तकात दुरुस्ती करायची तर विलायतेला कळवायला पाहिजे."

शेवटी पाटीलच वैतागून पुढं आले. "साहेब, माझं त्या एडक्याशी काय भांडण न्हाय. आमच्या गल्लीत बाळाप्पा आणि रामाप्पा मी बारका होतो तवापास्नं एका चुलीवर जेवत्यात. दोघांनी लगीन केलं न्हाय, गावानं कधी इचारलं न्हाय. सणाला दोघास्नी मिळून एकच आवतान जातंय. त्यांच्यावर कोण दावा घालतंय? ज्याचं त्याला. मला फकस्त कोकरं पायजेत."

माझ्या सगळ्या भाषणात नव्हतं ते पाटील एका दमात बोलून गेले, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. जज्जसाहेबांनी तिथंच निकाल दिला. एडका पैदाशीचा म्हणून विकला, पैदास होत न्हाय, सिद्धाप्पानं परत घ्यावा. मी हरलो.

सिद्धाप्पा भला माणूस. माझी फी बुडवली न्हाय. रोकड नव्हती, म्हणून तो एडकाच माझ्या दाराला बांधून गेला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आठवड्यानं पाटील दुसरा एडका ओढत घेऊन आले. "चिंचेखालनं आल्यापास्नं ह्यानं वैरण सोडलीया. मेंढ्यांकडं बघंना. दिवसभर शहराकडं तोंड करून उभा राहतोय. तुमीच बोलावलतं ह्याला, आता तुमीच सांभाळा. न्हाईतर तुमच्यावर दावा घालतो. काका वकील फुकट उभं राहतो म्हणालेत."

ठेवून घेतला. करतो काय? दोघं एकमेकांना बघून असे काही बें बें ओरडले, की खालचा कापडवाला वर बघायला आला. दुसऱ्याच दिवशी कळलं, शहापूरकरांनी मुलगी काका वकिलांच्या पुतण्याला दिली.

आप्पांनी बैलगाडी सांगितली. गाडीत पुढं मी, मागं ते दोघं मानेवर मान टाकून, असे आम्ही निपाणीला पोचलो. मामानं त्यांना परसात जागा दिली आणि मला पोत्यांत.

दिवाळीला आप्पा आम्हाला बघायला आले. मी पोती मोजत शिंकत होतो, तेव्हा भिंतीपलीकडनं मामाचा आवाज आला.

"भावजी, तुम्ही पाठवलेल्या तिघांतल्या दोघांचा संसार झकास चाललाय. भांडण न्हाय, तंटा न्हाय. आता राहिलेल्या एकाचं तेवढं कुठंतरी जमवा."