लॅपटॉपसाठी लावलेला कौल

मंडळी, आज बाबांनी माझ्या गेमिंग लॅपटॉपसाठी ग्रामदेवीला कौल लावला!

दोन लॅपटॉप मनात होते. एकात ग्राफिक्स कार्ड भारी पण प्रोसेसर जेमतेम, दुसऱ्यात दोन्ही मध्यम. माझा जीव पहिल्यावर. "तो घेऊ का, देवीलाच विचारूया," बाबा म्हणाले.

गुरवांनी मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

डावी पडली.

"बाबा, परत लावूया ना!"

"बाय, तुला विचारायचं होतं, की होय म्हणवून घ्यायचं होतं?"

प्रोसेसर मागे पडला की भारी कार्ड नुसतं वाट बघत बसतं, हे मला आधीच ठाऊक होतं. दुसराच घेतला.

तुम्ही सल्ला मागता, तेव्हा खरंच विचारता का हो?