पंखातून इंजिनापर्यंत

आमच्या घरात दोन हिवाळे एक पंख राहायला होता. डावा. उजवा गॅरेजच्या छताला दोरांनी टांगलेला असायचा, पण डाव्याला तिथे जागा नव्हती. म्हणून तो बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचं टोक पार जेवणाच्या टेबलाशी येऊन थांबायचं. पाहुणे यायचे असले की मी त्याच्यावर चादर टाकत असे. केंब्रिजहून मराठी मंडळी यायची, साबुदाण्याची खिचडी खायची आणि चादरीखालच्या त्या लांबलचक वस्तूबद्दल विचारायला कचरायची. एका बाईंनी मला स्वयंपाकघरात गाठून दबक्या आवाजात विचारलं, घरात कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, हो, आमचे हे.

हे हाडांचे डॉक्टर. साठच्या दशकात आम्ही इस्पितळाच्या नोकरीसाठी इकडे इंग्लंडात आलो, मुलगी इथेच झाली, वाढली, शिकली आणि ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत लागली. घर रिकामं झालं तसं यांनी जवळच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकून घेतलं. इथवर मी काही बोलले नाही. मग एके दिवशी ट्रकमधून मोठमोठी लाकडी खोकी उतरली. त्यांच्यात दोन माणसं बसतील एवढं एक विमान होतं, सुट्या भागांत. जोडायचं आपण. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, यांची पन्नाशी उलटली होती, आणि चेहरा बघाल तर दिवाळीत किल्ला करायला बसलेल्या पोरासारखा.

मला विमानाशी काही देणंघेणं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की हा माणूस वर गेला तर खाली धडपणे परत यावा. बाकी पंख पांढरा की निळा, खुर्च्या कोणत्या कापडाच्या, काय वाटेल ते करा.

आणि नेमकं माझ्याच वाट्याला पेट्रोलच्या नळ्यांचं काम आलं. माझे हात लहान म्हणून, असं यांनी सांगितलं आणि तेव्हा मला ते पटलं. वैमानिकासमोरच्या घड्याळांच्या तक्त्यामागे यांचा पंजा शिरत नसे, माझा शिरायचा. शिवाय मी क्रोशाचं काम करायची, बारीक वळणांची सवय होती. पेट्रोलच्या टाक्या दोन्ही पंखांत. तिथून एकेक नळी दाराच्या खांबातून खाली उतरते, तळाशी एका कॉकमध्ये, म्हणजे तोटीत, दोघी भेटतात आणि तिथून एकच नळी गाळणीतून पुढे इंजिनाकडे जाते. पंप नाही. पेट्रोल आपल्या वजनानंच वाहतं. म्हणून नळीला मध्येच कुठे कुबड येता कामा नये. तिथे हवा अडकते आणि इंजिन भर आकाशात उपाशी राहतं. हे मला यांनी चहा पिता पिता सहज सांगितलं, आणि माझा चहा तसाच निवला.

अॅल्युमिनियमची नळी छोट्या कटरनं गोल गोल फिरवत कापायची. आतली कड घासून गुळगुळीत करायची. नट आधी नळीवर सरकवायचा आणि मग नळीचं तोंड फुलवायचं, म्हणजे नटाला धरायला काठ मिळतो. नट सरकवायला विसरलं की फुलवलेलं तोंड कापून टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या पहिल्यांदा मी इतकी तोंडं कापली की यांनी ते तुकडे दोऱ्यात ओवून गॅरेजच्या दाराला तोरण लावलं. मी दोन दिवस गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण घरात करमेना.

त्या हिवाळ्यांची आठवण काढली की मला धुकंच आठवतं. आमच्याकडची जमीन सपाट, ओली, पाटांनी कापलेली. दुपारी तीन वाजताच कुंपणापलीकडचं शेत नाहीसं व्हायचं आणि गॅरेजच्या खिडकीत नुसता राखाडी उजेड उरायचा. रॉकेलचा हीटर घरघरत असायचा. विमानाचं धड पंखांशिवाय मध्यभागी उभं, आणि मी त्याच्या पोटात पाठीवर झोपलेली, डोकं पायांच्या जागी, पाय खुर्चीवर. मागे कुठेतरी हे सँडपेपरनं काहीतरी घासत असायचे, एका लयीत. हात आपोआप चालायचे. डोळे अर्धवट मिटले की मी टाकीतून निघायचे, खांबातून सरसर खाली यायचे, कॉकपाशी वळायचे, गाळणीत क्षणभर रेंगाळून पुढे अंधारात जायचे, आणि पुन्हा टाकीपासून सुरू. कधी कधी वाटेत सांगलीची आमची गल्ली लागायची, कधी इस्पितळाचा मला कधीच न कळलेला लांब कॉरिडॉर. किती वेळ गेला हे हीटरमधलं रॉकेल संपल्यावरच कळायचं. मला भीती वाटत होती, आणि मी सुखात होते. दोन्ही एकदमच.

कामाला बसताना हातात काही घालायचं नाही, असा यांचा नियम. ऑपरेशनला जाताना घड्याळ काढतात तसं. मी बांगड्या काढल्या, अंगठी काढली. मंगळसूत्र काही काढलं नाही. हे म्हणाले, तेही काढ. मी म्हटलं, तुम्ही जमिनीवरचा एखादा छंद धरा, लगेच काढते. देवधर्माचं मला फारसं वेड नाही. पण ज्याच्या नावानं ते घालायचं तोच आकाशात जायला निघालेला असताना ते उतरवून ठेवणं मला झेपेना. मी ते ब्लाउजच्या आत खोचायची आणि वर स्वेटर.

शेवटची नळी कॉकला जोडत होते त्या दिवशी मंगळसूत्र निसटून हनुवटीवर आलं. मला भान नव्हतं. नळीचं टोपण काढलेलं, पाना हवा होता म्हणून मी उठायला गेले आणि ते कॉकला अडकून गळ्याला हिसका बसला. काळे मणी विमानाच्या पोटात चहूकडे उडाले. घरंगळण्याचा तो बारीक आवाज संपतच नव्हता.

मंगळसूत्र वाढलं. मी तिथेच हात जोडून बसले. यांनी घरातून व्हॅक्यूम क्लीनर आणला, त्याच्या तोंडावर माझा एक जुना स्टॉकिंग ताणून बांधला आणि सगळे मणी गोळा करून माझ्या ओंजळीत दिले. वाट्या मिळाल्या. मणी थोडे कमी वाटले, पण तसे ते कोणी मोजून घातलेले असतात? मी कशीबशी नळी जोडली आणि घरात निघून आले.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, इट्स ओन्ली अ थ्रेड, डोंट बी सिली." मग जरा थांबून म्हणाली, "पण बाबांना सांग ना, ते प्लेन विकून टाका."

वसंतात विमान एका शेतकऱ्याच्या कोठारात नेलं, बाहेरच त्याची गवताची धावपट्टी होती. तिथे पंख लावले. बैठकीची खोली अचानक एवढी मोठी झाली की मला तिथे बसवेना. घरी बांधलेल्या विमानाला टप्प्याटप्प्यानं इन्स्पेक्टरची सही लागते. आमचे इन्स्पेक्टर म्हणजे दोन गावं पलीकडे राहणारे, निवृत्त झालेले एक इंग्रज इंजिनियर, स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेले. त्यांनी इंजिनापाशी नळी सोडवली, विमान चढणीला असतं तसं नाक वर करून ठेवलं आणि पेट्रोल डब्यात वाहू देऊन घड्याळ लावलं. इंजिन भर जोरात जेवढं पितं, त्याहून बरंच जास्त वाहायला हवं. डब्याकडे बघत ते म्हणाले की वाटलं होतं त्याहून किंचित कमी आहे. इंग्रज माणूस असं म्हणाला की समजावं, काहीतरी फार बिघडलंय.

डाव्या टाकीतून कमी, उजव्या टाकीतूनही तेवढंच कमी. म्हणजे दोष दोघी भेटतात त्याच्या पुढे. त्यांनी कॉकनंतरचा सांधा उघडला आणि चिमट्यानं वळणातून काहीतरी ओढून काढलं. दोऱ्याच्या बोटभर तुकड्यात ओवलेले काळे मणी, पेट्रोलनं चमकणारे.

त्यांनी विचारलं, हे काय आहे. माझा हात गळ्याकडे गेला. यांनीच सांगितलं, अगदी सरळ, की आमच्यात नवऱ्याला उदंड आयुष्य मिळावं म्हणून बायको गळ्यात घालते ते. इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी तो तुकडा रुमालानं पुसून माझ्या हातावर ठेवला. जमिनीवर इंजिन व्यवस्थित चाललं असतं, ते म्हणाले, झाडांच्या वर गेल्यावर बंद पडलं असतं. आणि मग फार अदबीनं म्हणाले, काम करताना ते घरी राहिलेलं यांच्या आयुष्याला जास्त मानवेल.

घरी आल्यावर मी यांना सांगून टाकलं, हे काम माझ्याकडून काढून घ्या. दुसऱ्या कोणाला तरी द्या. तुम्ही स्वतः करा. मला जमणार नाही.

हे चहाचं भांडं विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "कोणाला देऊ? मला तर नुसती वर जायची घाई असते. मी परत यावं असं ज्याला वाटतं, त्यानंच हे काम करायला हवं."

मी रडले. रागानं रडले, असं मी त्यांना सांगितलं. एवढी मोठी गोष्ट माझ्या माथी मारायची आणि कारण सांगायचं ते लहान हातांचं. मग डोळे पुसले आणि मंगळसूत्र काढून, नव्या दोऱ्यात ओवलेलं, त्यांच्या गळ्यात घातलं. म्हटलं, मग माझ्या नळ्या होईपर्यंत हे तुम्ही सांभाळा, कोणाच्या तरी गळ्यात पाहिजे. त्यांनी निमूटपणे कॉलरच्या आत सरकवलं.

मी एकूण एक नळी काढली आणि पुन्हा केली. घाई केली नाही. प्रत्येक तुकड्यातून आरपार उजेड बघायचा, फुंकर मारायची, दोन्ही टोकांना टोपणं लावायची, जोडताना पुन्हा उजेड बघायचा. त्या कोठारात वर पाकोळ्यांची घरटी होती, त्यांची ये-जा चालायची, उघड्या दारातून गवताचा वास यायचा. हे शेजारी खोक्यावर बसून मला पाने देत असत, आणि वाकले की कॉलरमधून काळे मणी डोकवायचे. एकदा इन्स्पेक्टर अचानक आले. त्यांनी मण्यांकडे पाहिलं, हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि गेले. पुढच्या खेपेला पेट्रोल असं वाहिलं की डबा बदलावा लागला. त्यांनी सही केली. मी माझी वस्तू परत घेतली.

पहिली उड्डाणं एका जाणत्या वैमानिकानं केली. मग यांची पाळी, पण एकट्यानं. विमान पुरेसं उडून कागद पक्के होईपर्यंत शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची असा नियम. तो सगळा उन्हाळा मी शनिवारी कुंपणापाशी फ्लास्क घेऊन उभी असायचे. विमान ठिपका व्हायचं आणि त्या ठिपक्यात मला माझे सगळे सांधे दिसायचे, एकेक करून. इंजिनाचा आवाज वाऱ्यानं जरा पातळ झाला की मी श्वास धरायचे. हे उतरून हसत हसत यायचे आणि विचारायचे, काय, घाबरलीस? मी म्हणायची, छे, चहा गार झाला. घरी मला झोप नीट लागत नसे, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा शेजारी बसले. सप्टेंबरची स्वच्छ दुपार होती. चाकं गवतावरून उठली आणि खडखड थांबली. खाली पाट चकाकत होते, कापणी झालेली शेतं, मध्येच एखादं चर्च. हे म्हणाले, घर दाखवतो, मग ईलीच्या कॅथेड्रलवरून वळसा घालू. मी इंजिन ऐकत होते. ते एकसारखं बोलत होतं. टाकीतून खांबात, खांबातून कॉकपाशी, गाळणीतून पुढे. सगळं वाहत होतं, आणि यातलं काही मला बघायची गरज नव्हती, कारण मला ते पाठ होतं. उन्हानं काच कोमट झाली होती. मी मान मागे टेकली.

जाग आली तेव्हा चाकं गवतावर होती. इंजिन बंद झालं आणि कानात एकदम पाकोळ्या ऐकू आल्या. मी ओशाळले. इतकी वर्षं या माणसानं ज्याच्यासाठी घालवली, ते मी घोरत पार पाडलं होतं. विचारलं, अहो, घर दाखवणार होता ना? उठवलं का नाही?

ते दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. म्हणाले, "घरावरून तीनदा फिरलो. तू झोपलेलीच होतीस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्या दिवसापासून वर गेलो की माझ्या तोंडाला कोरड पडायची. तुला सांगितलं नाही. आज तू झोपलीस आणि ती गेली."

मी पट्टा सोडला, त्यांचाही सोडला, आणि आम्ही आत तसेच बसून राहिलो.