घरोघरचा क्ष

आसेगावच्या काळबांड्यांची सून शाळेत जाणार, ही गोष्ट गावाच्या गळी उतरायला वेळ लागला. सून सव्वीस वर्षांची. नवरा पटकीच्या साथीत गेलेला, पदरी शेवंती नावाची आठ वर्षांची मुलगी. अशा बाईने डोक्यावर टोपलं घेऊन वावरात जावं की बगलेत पाटी मारून वाशीमला?

एकोणीसशे अठ्ठावन्न साल होतं. लहानपणी ज्यांची शाळा सुटली अशा मोठ्या बायांसाठी वाशीमला सरकारी वर्ग निघाला होता. दोन वर्षांत आठवीच्या परीक्षेपर्यंत पोचवायचं, आणि पास झालेल्या बायांना अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगात जागा द्यायची, अशी ती योजना. वर्गातल्या बायांच्या राहण्याची सोय वाशीमलाच. धुरपताबाई माहेरी चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि घरात आलेला पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हत्या. त्यांनी हिय्या करून सासऱ्यांना विचारलं.

उकंडराव काळबांडे शब्दाचे महाग. ते दोन दिवस गोठ्यातच बसून राहिले आणि मग म्हणाले, "एक डाव. एका डावात पास झाली त खुशाल मास्तरीन हो. नापास झाली त मुकाट्यानं घरी ये, अन् पुन्हा त्या शाळेचं नाव काढू नको. लोकाइच्या तोंडाले मी दोनदा हात लावनार नाही."

"व्हय मामाजी," धुरपताबाई म्हणाल्या.

सासूने, तुळसाबाईंनी, शेवंतीला आपल्या कुशीत ओढून घेतलं. "जाय माय तू. पोरीची फिकर करू नको. मी हाये."

वाशीमचा वर्ग एका जिनिंगच्या मागच्या खोलीत भरायचा. कापसाच्या दिवसांत खिडकीतून पिंजलेले तंतू उडत यायचे आणि बायांच्या केसांवर बसायचे, त्यामुळे दुपारपर्यंत सगळा वर्ग म्हातारा दिसायचा. शिकवायला ललिताबाई होत्या, अमरावतीच्या. वय तेवीस, म्हणजे बहुतेक विद्यार्थिनींपेक्षा लहान. पहिल्या दिवशी त्या आत आल्या तेव्हा दोघीतिघींनी त्यांनाच बाजूला सरकून बसायला जागा दिली होती.

भाषा, भूगोल, आरोग्य हे सगळं धुरपताबाईंना सुपातलं धान्य पाखडावं तसं सोपं गेलं. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग दुसऱ्या वर्षी बीजगणित आलं.

ललिताबाईंनी फळ्यावर लिहिलं: २क्ष + ७ = १९. "एका संख्येची दुप्पट केली, त्यात सात मिळवले, एकोणीस झाले. ती संख्या म्हणजे क्ष."

"सहा," धुरपताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"बरोबर. पण मला पायऱ्या हव्यात. आपल्याला क्ष किती ते माहीत नाही, असं समजा."

"माहीत नाही त लिवलं कायले?"

वर्ग हसला. धुरपताबाई मात्र हसल्या नाहीत. जे आपल्याला ठाऊक नाही ते कागदावर मांडायचं आणि वर त्याच्यावर हिशेब करायचा, हे त्यांना खोट्या साक्षीसारखं वाटत होतं. तरी बाई सांगतात म्हणून त्यांनी पायऱ्या उतरवून घेतल्या, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पाठ केलं, क्ष म्हणजे सहा.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: ३क्ष + ४ = १९.

धुरपताबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि उभ्या राहिल्या. "बाई, राग येऊ देऊ नका. तुमचं गनित चुकलं. तीन सक अठरा, अन् चार बावीस. तुमी एकोनीस लिवलं."

"सहा कुठून आले?"

"क्ष सहा नाही का? कालच त निघाला."

"आज क्ष पाच आहे, धुरपताबाई."

"काल सहा होता!"

मागून रूपलाचा आवाज आला. रूपला पोहरादेवीजवळच्या तांड्यावरची, तिच्या जिभेला हाड नव्हतं. "अवं माय, एका रातीत पाचावर आला? भलताच बेभरवशाचा दिसून राह्यला हा क्ष. याच्यासंग पोरगी देऊ नये."

वर्ग पोट धरून हसला. ललिताबाईंनी तीन तऱ्हांनी समजावलं, आणि तिन्ही वेळा धुरपताबाई "व्हय" म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कळत होतं की हे 'व्हय' बाईंचा मान राखण्यासाठी आहे. घडोघडी बदलणाऱ्या गोष्टीवर विसंबायचं कसं? महिना गेला. चाचणीत त्यांना बीजगणितात पन्नासपैकी चार गुण पडले. एका विषयात नापास झालं तरी परीक्षा गेली, असा नियम होता. सासऱ्यांचा एक डाव त्या एका अक्षरावर अडून बसला.

पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार होते. प्रत्येकीने उभं राहून आपलं पूर्ण नाव सांगायचं, म्हणून ललिताबाई सराव घ्यायला बसल्या आणि वर्ग ठप्प झाला. नवऱ्याचं नाव घेणार कोण? एकीने पदर दातांत धरला. दुसरीने शेजारणीला कोपराने ढोसलं, "तूच सांग वं माह्या मालकाचं." धुरपताबाईंची पाळी आली.

"धुरपताबाई..." आणि पुढे शब्द फुटेना. मग त्या म्हणाल्या, "धुरपताबाई, उकंडराव काळबांड्यांची सून."

ललिताबाई हळूच म्हणाल्या, "तुमचे यजमान तर आता नाहीत. तरी नाव घ्यायचं नाही?"

"गेले म्हून काय झालं, बाई?"

मग ललिताबाईंनी विचारलं, "नाव घेत नाही, तर त्यांच्याबद्दल बोलायच्यात कशा?"

"शेवंतीचे बाबा म्हनो. घरचे म्हनो."

"तुम्ही काय म्हणता, रूपलाबाई?"

"आमीबी घरचेच म्हंतो."

ललिताबाईंच्या हातात खडू होता. त्या क्षणभर त्याच्याकडेच पाहत राहिल्या. "म्हणजे रूपलाबाईंचे घरचे आणि धुरपताबाईंचे घरचे एकच?"

एकच गलका उठला. "हाय हाय! काय बोलून राह्यल्या बाई!" रूपलाने कपाळावर हात मारला. "घरोघरचे घरचे निराळे, बाई! माह्या घरचा त काळा ढुस्स हाये!"

"पण शब्द एकच."

"शब्द एकच, मानूस ज्याच्या त्याच्या घरचा."

"आणि घर बदललं की?"

रूपलाने तोंड उघडलं, पण उत्तर तिच्याकडून आलं नाही. धुरपताबाई उभ्याच होत्या. त्या फळ्याकडे पाहत होत्या, जिथं ललिताबाईंनी त्यांच्यासाठी पुन्हा मांडलेली ती पहिली दोन समीकरणं अर्धवट पुसलेली होती. "हे एक घर," त्या हळूहळू म्हणाल्या, "अन् हे दुसरं. या घरचा सहा. त्या घरचा पाच." त्यांचा हात नकळत गळ्याशी गेला. "बाई, याचंबी नावच घ्यायचं नाही. थो कसा हाये, कोनासंग किती होते, सारं सांगत जायचं. मंग शेवटी त्याचं नाव आपसूक निघते."

"हो," ललिताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मास्तरीणपण उरलं नव्हतं. "आपसूक निघतं."

त्यानंतर बीजगणिताने धुरपताबाईंना झपाटलं. भाकरी थापताना, आडावर पाणी शेंदताना त्यांच्या ओठांची हालचाल चालू असायची. कंसाबाहेर उणे चिन्ह असलं की आतली सगळी चिन्हं पालटतात, हे त्यांनी रूपलाला असं शिकवलं: "दाराशी सासू रुसून बसली का आतल्या साऱ्याइचे चेहरे फिरतात, तसं." रूपला पुन्हा कधी चुकली नाही.

दिवाळीला त्या आसेगावला आल्या. तुळसाबाईंनी अंगण शेणाने सारवून ठेवलं होतं. धुरपताबाईंनी रांगोळी घेतली, हाताने मापून सात हात लांब, सात हात रुंद असा चौकोन आखला. मग दोन्ही बाजूंवर पाच हातांवर खूण केली आणि आडवी-उभी अशा दोनच रेषा ओढल्या. चौकोनाचे चार तुकडे झाले.

तुळसाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "हा कोन्या देवाचा चौक वं?"

"गनिताचा, आत्याबाई."

"त्याले निवद काय लागते?"

धुरपताबाई हसल्या आणि सासूला हाताशी धरून चौकोनाभोवती फिरवून आणलं. "हा पाचाचा मोठा चौकोन. हा दोनाचा लहान. अन् हे दोन पट्टे, दोन्ही सारखे. लोक मोठा घेतात, लहान घेतात अन् पट्टे इसरतात."

"अन् आंगन याच्याहून मोठं असलं त?"

"तरी हेच. दोन चौकोन, दोन पट्टे."

"पाटलाच्या वाड्याचं?"

"तरी हेच."

"अन् वावराएवढं असलं त? साऱ्या मुलुखाएवढं?"

धुरपताबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थबकल्या. बेरजेच्या वर्गाचं हे सूत्र त्यांनी शंभर वेळा लिहिलं होतं, पण त्यात इतकं मावतं हे कोणी तरी विचारल्याशिवाय त्यांना दिसलं नव्हतं. कोणी मोजलेली, न मोजलेली, अजून कोणाच्या तोंडी न आलेली संख्या घ्या. दोन चौकोन आणि दोन पट्टे. कधीच फरक नाही. "व्हय आत्याबाई," त्या म्हणाल्या, "साऱ्या मुलुखाएवढं असलं तरी."

"बाप्पा!" तुळसाबाईंनी रांगोळीला हात जोडले. चेष्टेने नाही, खरेच जोडले. उकंडराव बैलांना पाणी दाखवायला निघाले होते. त्यांनी ते सगळं ऐकलं, बैलांच्या कासऱ्याला ओढ दिली आणि चौकोनाला वळसा घालून गेले.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. बीजगणिताच्या पेपरात धुरपताबाईंची पहिली दोन गणितं सुटली. तिसऱ्याने दगा दिला. त्या हात आखडून त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि ते वेळ खात गेलं. उरलेल्या वेळात एक समीकरण होतं: ५क्ष + २३ = २क्ष + ११. ते सुटलं तर पास, नाही तर नाही, हे त्यांना गुण मोजून कळत होतं.

त्यांनी क्ष एका बाजूला आणले, आकडे दुसऱ्या बाजूला. उत्तर आलं, उणे चार.

उण्याची बेरीज-वजाबाकी त्या शिकल्या होत्या, पण वर्षभरात एकही क्ष शेवटी उणा निघाला नव्हता. नेहमी सहा, पाच, बारा, अशी धडधाकट उत्तरं. काहीच नाही याच्याही खालचं उत्तर कधी असतं का? कुठे तरी चिन्ह चुकलं असणार. त्यांनी ती उण्याची रेघ पुसायला बोट ओलं केलं.

पण आधी त्यांनी नुसत्या चाराचा ताळा करून पाहिला. एका बाजूला त्रेचाळीस, दुसऱ्या बाजूला एकोणीस. मग भीत भीत उणे चार घातले. डावीकडे उणे वीस आणि तेवीस, म्हणजे तीन. उजवीकडे उणे आठ आणि अकरा.

तीन.

पर्यवेक्षक रांगांतून फिरत होते. बाहेर कोणी तरी घंटेच्या दोरीला हात घातला होता. धुरपताबाई त्या दोन तिनांकडे पाहत बसल्या. त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता, बाईंनी असं कधी सोडवून दाखवलं नव्हतं, आणि तरी दोन्ही बाजू आपापल्या वाटेने येऊन एकमेकींसमोर सारख्या उभ्या होत्या. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि रेघ तशीच राहू दिली.

निकाल घेऊन ललिताबाई स्वतः आसेगावला आल्या, मोटारीने आणि पुढे पायी. सगळ्या विषयांत उत्तम, बीजगणितात पासापुरते. ललिताबाई ओसरीवर चहा पीत होत्या आणि तुळसाबाई त्यांच्या हाताला धरून पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या, "पास म्हंजे पास ना? मंग बदलत त नाही?"

उकंडराव खांबाला टेकून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी सुनेला विचारलं, "इतकं कठीन काय होतं त्याच्यात?"

धुरपताबाईंनी शेवटचं गणित सांगितलं, उण्या चारापर्यंत.

"म्हंजे काहीच नसते, त्याच्याबी खाली?"

"व्हय मामाजी."

"अन् तुले दिसलं थे?"

"दिसलं नाही. निघालं."

उकंडरावांनी ललिताबाईंकडे वळून विचारलं, "बाई, वाशीमाहून अकोल्याची गाडी सकाळची हाये का दुपारची?"