आम्ही इटारसीचे

काठमांडूच्या लॉजमधून पहिल्या सकाळी बाहेर पडण्याआधी बाबांनी माझी उजळणी घेतली. कोणी गाव विचारलं तर इटारसी. आडनाव विचारलं तर म्हणायचं, बाबांना विचारा. आणि बाबांना विचारलं तर ते म्हणणार, आम्ही रेल्वेवाले. मी सातवीत होते आणि हा धडा मला तोंडपाठ होता. नागपूर स्टेशनातून गाडी हलली की आमचं गाव बदलायचं. आता तर देशच बदलला होता, तरी आम्ही इटारसीचेच. मला याचा फार राग यायचा. इटारसी मी फक्त खिडकीतून पाहिलं होतं. तिथली शाळा कोणती, एवढं जरी कोणी विचारलं असतं तरी माझं पितळ उघडं पडलं असतं.

आम्ही बौद्ध. आईबाबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. धर्म बदलला, पण आडनाव तेच राहिलं, आणि आडनावावरून जात हुडकणारा माणूस डब्यात बरोबर आपल्यासमोरच येऊन बसतो, असा बाबांचा अनुभव होता.

सहल ठरली ती आईमुळे. बाबा रेल्वेत होते; त्यांच्या पासावर सरहद्दीवरच्या रक्सौलपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. आमच्या वस्तीतलं विहार माझ्याच वयाचं होतं. आईला जिथे बुद्ध शेकडो वर्षांपासून बसला आहे अशा ठिकाणी, पांढरं पातळ नेसून, एकदा वंदना म्हणायची होती. त्यासाठी नवं पातळ घेऊन तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. वंदनेला पांढरं नेसायची आमच्याकडे रीत, आणि पांढरं दिसलं की ओळखणारे ओळखतात, म्हणून बाबांनी बजावलं होतं, मी सांगितल्याबिगर काढायचं नाही. पातळ पिशवीत आणि पिशवी बाबांच्या काखेत.

मोठ्या चौकात आम्ही माना वर करून कोरीव खिडक्या बघत होतो, तेवढ्यात काळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. हिंदी स्वच्छ बोलत होते. बरीच वर्षं कलकत्त्याला व्यापार केला म्हणाले. गाव दाखवतो म्हणाले, आणि त्याचे पैसे घेणार नाही म्हणाले. इथेच बाबांच्या कपाळाला आठी पडली. फुकट गाव दाखवणारा माणूस त्यांना दुप्पट धोक्याचा वाटायचा.

"कुठले?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

बाबांनी इटारसी सांगितलं. पुढच्या देवळाशी त्यांनी आडनाव विचारलं, बाबांनी रेल्वे सांगितली. त्याच्या पुढच्या देवळाशी घरी कोणाची पूजा करता, असं विचारलं. बाबांनी देऊळ किती जुनं आहे ते विचारलं. मी मात्र एकही देऊळ धड पाहिलं नाही. मी म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते, पुढचा प्रश्न कधी येतो म्हणून.

"यवढी चौकशी काहून करून राहिला हा?" बाबा आईला म्हणाले. तिला गळ्यातली पोत पदराखाली घ्यायला लावली. आई म्हणाली, म्हातारा माणूस आहे, बोलायला कोणी नसेल. बाबांनी पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली.

मग म्हातारे म्हणाले, चला, आमचं विहार दाखवतो. विहार म्हटल्यावर आई निघालीच. गल्ली अरुंद, तिला आणखी एक गल्ली, आणि मग वाकून जावं लागेल असं ठेंगणं दार. बाबा प्रत्येक वळणाला मागे बघत होते, पळायची वेळ आली तर रस्ता ध्यानात असावा म्हणून. खरं सांगायचं तर मीही वळणं मोजत होते.

आत विटांचं मोठं अंगण होतं. मधे छोटासा स्तूप, चटयांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, आणि पलीकडच्या उघड्या दारातून अंधारात बसलेला बुद्ध. आई चपला काढून तिथेच थांबली. म्हातारे सांगू लागले. हे विहार त्यांच्या घराण्यांचं. भोवतीच्या घरांत जन्मलेल्या मुलांचं लहानपणी मुंडण होतं, आणि आत जाऊन पूजा फक्त तेच करतात. बाहेरच्या माणसाने अंगणातूनच हात जोडायचे.

"पाह्य," बाबा आईला हळूच म्हणाले. "इथंबी जन्मच पाह्यतेत."

म्हाताऱ्यांना मराठी कळत नव्हतं. ते आपल्याच नादात बोलत राहिले. कलकत्त्याला असताना त्यांनी ऐकलं होतं की नागपूर नावाच्या गावात साधी माणसं घोळक्याघोळक्याने मैदानावर गेली आणि बौद्ध झाली. आम्ही जन्माने झालो, ते म्हणाले, आपल्या मनाने झालेला माणूस मला एकदा बघायचा आहे. हिंदुस्थानातून आलेल्या प्रत्येकाला ते गाव विचारायचे ते यासाठी. इटारसी नागपूरच्या जवळ आहे का? तुम्हाला त्यांच्यातलं कोणी माहीत आहे का?

बाबा बुटांकडे बघत म्हणाले, "बहोत दूर है."

मला त्यांची लाज वाटली. आणि मीही तोंड उघडलं नाही, म्हणून माझीही.

आई बाबांजवळ गेली. "बुद्धासमोरबी आपून इटारसीचेच का?" एवढंच ती म्हणाली आणि त्यांच्या काखेतली पिशवी ओढून घेतली. नेसायला आडोसा नव्हता. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारातून आणलेल्या स्वेटरवरूनच तिने ते पांढरं पातळ अंगभर लपेटलं, विटांवर गुडघे टेकले आणि आमच्या वस्तीत म्हणतात त्याच चालीत वंदना सुरू केली. मी तिच्या शेजारी बसले. दुसऱ्या ओळीला मागून बाबांचा आवाज आला, घोगरा आणि जरा उशिरा.

संपल्यावर बाबा उठले. "नागपूर के हैं हम," ते म्हणाले.

म्हातारे रागावले नाहीत. मग इटारसी का सांगितलं, इतकंच त्यांनी विचारलं.

"हमारे यहाँ पहले गाँव पूछते," बाबा म्हणाले, "फिर आडनाव पूछते, फिर अपना पानी का लोटा सरका लेते."

म्हाताऱ्यांनी एकदा त्या आतल्या दाराकडे पाहिलं. मग सुनांना हाका मारून बाहेर बोलावलं आणि आईला पुन्हा एकदा वंदना म्हणायला लावली. आत मात्र त्यांनी आम्हाला नेलं नाही. न्यावंसं वाटलं असेल बिचाऱ्यांना, असं आई पुढे म्हणायची. बाबा म्हणायचे, नेलं नाही एवढं खरं.

परतताना चौकात शेंगा घ्यायला थांबलो. आईने पातळ काढलं नव्हतं आणि बाबांनीही काढ म्हटलं नव्हतं. शेंगावाल्याने पुडी बांधता बांधता सहज विचारलं, कुठून आलात.

"नागपूर," बाबा म्हणाले.

शेंगावाल्याने पुडी दिली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाबा पुडी हातात धरून तिथेच उभे राहिले, पुढच्या प्रश्नाची वाट बघत. शेवटी आईने त्यांच्या बाहीला धरून त्यांना पुढे नेलं.