तसबिरींखालची बाटली

माझ्या सासूबाईंनी, पाराशिवाबाईंनी, सोरोका शहराच्या सांस्कृतिक भवनात एकतीस वर्षं कार्यक्रमाला येणाऱ्या लोकांचे कोट सांभाळले. कोट घ्यायचा, खुंटीला लावायचा, नंबराचा बिल्ला हातात द्यायचा. निवृत्त झाल्या आणि तीच शिस्त त्यांनी घरात आणली. मिठाचा डबा शेगडीच्या डाव्या हाताला, कात्री खिडकीपाशी, सुऱ्यांच्या मुठी बाहेरच्या बाजूला. वीतभर काही सरकलं की घर डोक्यावर घेत.

"लीविया, चाळणी कोणी हलवली?"

"मीच. तिला काही पाय नाहीत फुटले."

"फुटले असते तर बरं झालं असतं. आपली आपण परत गेली असती!"

नवरा वेनियामिन इटलीत गवंडीकामाला. घरात आम्ही दोघी आणि माझी चार वर्षांची इलिंका. साधा चमचा ठेवायलाही मला परवानगी लागायची. मी आतल्या आत धुमसत असे.

त्या वर्षी ईस्टरच्या आधी, घर धुऊन काढायच्या आठवड्यात, त्या तीन दिवस बहिणीकडे गेल्या आणि मी संधी साधली. अख्खं स्वयंपाकघर माझ्या मनासारखं लावलं. व्हिनेगरचा अर्क तेवढा इलिंकाच्या हाताला लागू नये म्हणून सगळ्यात उंच फळीवर ठेवला, संतांच्या तसबिरींखाली. हा अर्क दिसतो पाण्यासारखा. ईस्टरची अंडी रंगवताना पातेलंभर पाण्यात चमचाभर घालायचा. नुसता पोटात गेला तर घसा जळून जातो. आमच्या गल्लीतला एक जण दारू समजून प्यायला आणि गेला. त्या जागी आधी जानेवारीत चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याची बाटली असायची. ती मी कपाटात ठेवली. दोन्ही बाटल्या एकाच आकाराच्या, अर्काच्या बाटलीवर तेवढी लाल चिठ्ठी. मला माझंच कौतुक वाटलं.

गुरुवारी सकाळी सासूबाई परतल्या. स्वयंपाकघरात शिरल्या, दोन-तीन ठिकाणी हात फिरवला आणि खुर्चीवर बसल्या. ओरडल्या नाहीत. मला वाटलं, हरल्या एकदाच्या.

दुपारी मी अंडी लाल रंगवली. घरभर व्हिनेगरचा वास कोंदला होता. अर्काची बाटली पुन्हा फळीवर ठेवून मी अंगणात गालिचा झोडपायला गेले. इलिंका सकाळपासून खोकत होती. तेवढ्यात खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला.

"ये गं चिमणे. देवाचं पाणी घे चमचाभर. खोकला पळून जाईल."

धोपाटणं माझ्या हातातून गळलं. ओरडायला गेले तर आवाज फुटेना. दार घराच्या दुसऱ्या अंगाला. मी धावत होते आणि दार काही जवळ येत नव्हतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"आज्जी, घाण वास येतोय."

"अंड्यांचा आहे तो. आ कर बघू."

मी आत पोचले तेव्हा चमचा पोरीच्या ओठांपाशी होता. तिने नाक धरून मान फिरवली होती, म्हणूनच वाचली. मी सासूबाईंच्या हातावर जोरात फटका मारला. चमचा उडाला, थेंब त्यांच्या मनगटावर पडले आणि कातडी तिथल्या तिथे लाल झाली. मी पोरीचे ओठ पाहिले, जीभ पाहिली, पुन्हा ओठ पाहिले. काही लागलं नव्हतं.

"दिसत नाही का तुम्हाला?" मी किंचाळले. "एवढी लाल चिठ्ठी आहे बाटलीवर!"

"नाही दिसत," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. हाताला सगळं सापडत होतं, तोवर भागत होतं. वेनियामिनला सांगू नकोस. तो मला वृद्धाश्रमात टाकेल."

मनगट नळाखाली धरायचं होतं, पण गडबडीत त्यांना दिशा कळेना. नळ कुठल्या बाजूला आहे हे त्या चाचपडत शोधत होत्या. मग थांबल्या.

"पोरीला माझ्याजवळ एकटी सोडू नकोस, लीविया."

बाटली तिथे मी ठेवली होती. ते शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते मी गिळले. मी इलिंकाला छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाले, "नाही सोडणार."