माधव विलासमधला दुसरा चहा

३१ ऑगस्ट १९७९. चारशे अठरा रुपये साठ पैसे. चंद्रपूरच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागलेल्या सत्यशीला रामटेकेचा हा पहिला पगार. खोलीचं भाडं, खानावळ आणि धाकट्या भावाची, नागसेनची, फी बाजूला काढून तिने एक शंभराची नोट वेगळी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एस.टी. स्टँडवर गोंडपिपरीच्या गाडीची वाट बघत उभी राहिली.

गाडीतून तिचे वडील उतरले. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, पिशवीत लेकीसाठी चार काकड्या.

"मले काई नाई पायजे," उतरताच देवाजी म्हणाले. "तुया मायले लुगडं घे अन् मले गाडीत बसवून दे."

पण सत्यशीलेने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. आज वडिलांना माधव विलास हॉटेलमध्ये खुर्चीवर बसवून खाऊ घालायचं.

गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, धानाच्या गाड्यांबरोबर देवाजी कितीतरी वेळा चंद्रपूरला आले होते. पोती उतरवून त्या हॉटेलसमोरून गेले होते. आत कधी गेले नव्हते, कुणी अडवलं नव्हतं तरी. गावच्या टपरीवर त्यांच्या वस्तीसाठी वेगळा कप खिळ्याला टांगलेला असे. चहा प्यायचा, कप आपल्या हाताने धुवायचा, परत टांगायचा. कायदा कधीचाच झाला होता, पण कप खिळ्यावरच होता.

आधी खरेदी. तेव्हा खरेदी म्हणजे दिवसभराचं काम. कापड दुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, दुकानदाराने ढीगभर लुगडी उलगडायची, गिऱ्हाइकाने उठायचं सोंग करायचं आणि त्याने हाताला धरून बसवायचं. देवाजी आधी गादीच्या काठावर टेकले. पण भाव ऐकताच सरकून मधोमध आले आणि लुगडं उजेडाला धरलं.

"शेठ, हे लुगडं हाय का मासोळ्या धरायचं जाळं?"

"जाळं पाहिजे तर इरई नदीवर जा ना भाऊ," दुकानदार हसत म्हणाला. पण आठ रुपये उतरला. लुगडं झालं, धोतर झालं, स्टीलचा डबा, चपला. दुपारी सत्यशीलेच्या पाकिटात दोन रुपये पंचाण्णव पैसे उरले. तिने मनात हिशोब केला. दोन प्लेट सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणि दोन चहा. बसतं.

माधव विलासच्या पायरीवर देवाजी थबकले. "तू खाऊन घे. मी इथी सामान पाहतो."

"सामानही आत येते, बाबा," ती म्हणाली आणि पिशव्या घेऊन पुढे झाली. सामान आत गेल्यावर त्यांना जावंच लागलं.

संगमरवरी टेबलं, भिंतीला आरसे, बरण्यांमध्ये बालूशाही. वेटर इतवारी हातावर कपांची उतरंड घेऊन फिरत होता. वडी आली. देवाजींनी निगुतीने खाल्ली.

"बरी हाय. पण तुया मायच्या हातची नाई."

चहा पिऊन झाला आणि देवाजी कपबशी घेऊन उठले. "भाऊ, नळ कुठी हाय?"

"कायले?" इतवारीने विचारलं.

"धुतो ना."

शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघू लागले. सत्यशीलेला मान वर करवेना.

"तुमीच कप धुतले तर मालक मले काऊन पगार देईन?" इतवारी म्हणाला. "बसा भाऊ." त्याने कपबशी त्यांच्या हातातून घेतली, दुसऱ्यांच्या उष्ट्या कपांवर चढवली आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

आपला कप सगळ्यांच्या कपांबरोबर मोरीत जाताना देवाजी बघत राहिले. मग खुर्चीवर बसले, या वेळी पाठ टेकून. आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक चाय अजून. कडक."

"बाबा, पैसे..."

त्यांनी ऐकलं नाही. दुसरा चहा त्यांनी सावकाश, फुंकर घालून घेतला. उष्टा कप टेबलावर ठेवला, मिशा पुसल्या आणि मागे न बघता उठले.

"पांढरी टोपी, तीन रुपये दहा!" इतवारीने गल्ल्याकडे हाक दिली.

पंधरा पैसे कमी पडले. देवाजी कनवटीला बांधलेले परतीच्या भाड्याचे पैसे सोडू लागले, तसा मालक म्हणाला, "राहू द्या. पुढल्या वेळी द्या. नाव काय तुमचं?"

"देवाजी पत्रू रामटेके."

"ठीक आहे रामटेके, पंधरा पैसे."

गावात त्यांना आडनावाने कुणी हाक मारली नव्हती. चंद्रपूरला ते अजून चांदाच म्हणत. त्या रात्री ते सगळ्या वस्तीला सांगत सुटले, "चांद्याले माधव विलासात माया नावची उधारी हाय."

"उधारीचा का तोरा दाखवतं बे?" शेजारच्या मुखरूने टोमणा मारला.

"तुले देते का कोणी?"

सत्यशीला पैसे चुकते करायला निघाली तेव्हा त्यांनी अडवलं. "माया नावची हाय, तू हात नको लावू. धान निघाले का मीच येतो." ते आले ते नवं धोतर नेसून. पण मालक हॉटेल विकून निघून गेला होता. कुठे, ते इतवारीलाही सांगता आलं नाही.

तिथे आज मोबाईलचं दुकान आहे. सुपरवायझर होऊन निवृत्त झालेल्या सत्यशीलाबाई नातीला, साक्षीला, घेऊन खरेदीला निघाल्या की त्या दुकानासमोर थांबतात आणि टेबल कुठे होतं ते बोटाने दाखवतात. देवाजी २००३ साली गेले. माधव विलासच्या मालकाचे पंधरा पैसे देणे बाकी आहे.