चार आवर्तनांची शांतता

माझी नोकरी पक्की होणार की नाही हे रचनेतल्या ज्या जागेवर ठरणार होतं, तिथे कोणीच काही वाजवायचं नव्हतं.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. मी चंद्रपुरात संगीताचा प्राध्यापक होतो, पण हंगामी. नवं शास्त्रीय संगीत रचायचो. घरचे त्याला ‘तुझी ती खटपट’ म्हणत. कायम होण्यासाठी विद्यापीठाच्या समितीसमोर स्वतःची रचना सादर करायची होती. मी ती जवळच्या घुग्घुस या कोळसा खाणींच्या गावावर केली होती. तिथे खाणीचा भोंगा वाजतो, मग सुरुंग उडेपर्यंत सगळी वस्ती गप्प होते. ती शांतता मी चार आवर्तनं ठेवली होती.

आदल्या दिवशी तबल्यावरचा विद्यार्थी मलेरियाने आडवा झाला. धावत बँडवाल्या चाचांकडे गेलो. त्यांची उभी हयात वरातींत आणि कव्वालीत तबला-ढोलक वाजवण्यात गेली होती. ‘मधे बराच वेळ थांबायचं,’ मी तीनदा बजावलं. ‘हाव सर,’ ते म्हणाले. तीनदा सांगितलं म्हणजे कळलं, असं समजणारा मी शहाणाच!

दुसऱ्या दिवशी मी व्हायोलिनवर भोंग्याचा सूर संपवला आणि गज खाली घेतला. पहिलं आवर्तन श्वास रोखून मोजलं. दुसऱ्यात समितीतले एक गृहस्थ चुळबुळले. चाचांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि डग्ग्यावर अगदी हलके ठोके सुरू केले. संपलं सगळं, असं वाटलं. पुढचं कसं वाजवलं, ते आजही आठवत नाही.

समितीच्या अध्यक्षबाई मात्र उठून जवळ आल्या. ‘त्या शांततेखाली जमीन थरथरते, ते काय सुचलंय तुम्हाला! मला तर धडकीच भरली.’

मी म्हणालो, ‘धन्यवाद.’

बाहेर चाचा तबल्याला गवसणी घालत होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘सर, टेन्शन नका घेऊ. तुमी मधी विसरले होते ना, म्या समाळून घेतलं. कोणाले सांगत नाई.’ कव्वालीत गाणारा अडकला की तबला त्याची अब्रू झाकतो. त्यांनी माझी झाकली होती.

मी कायम झालो. ती रचना पुढे बऱ्याच ठिकाणी वाजली, त्या ठोक्यांसकट, माझ्या नावाने. चाचा बाजारात भेटले की डोळे मिचकावायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.